आत्याबाई, एक खरी लाथ राहिली

आत्याबाई,

तेराव्याच्या पंगतीत बुंदी कडक झाली होती, हे मी आधीच सांगून टाकते. तुमच्या माहेरच्या माणसांना ती लागलीच असणार, आणि त्यांच्याकडून तुम्हाला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. भात मात्र मोकळा झाला होता. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "आचाऱ्याच्या मानगुटीवर बसाय पायजे व्हतं तू." बसले होते, आत्याबाई. तरी बुंदी कडकच झाली.

आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. गिरणी सुरू झाली आहे. तुमचं स्टूल आम्ही जागचं हलवलेलं नाही. दळण घेऊन आलेल्या बायका त्याच्याकडे बघतात आणि उभ्याच राहतात. त्याच स्टुलावर भर दुपारी, मांडीवर कुणाच्या तरी ज्वारीचा डबा धरून, तुम्ही बसल्या बसल्या गेलात आणि डबा सांडूसुद्धा दिला नाहीत. सगळे म्हणतात, असं मरण पुण्यवानालाच येतं. मला नाही पटत. सहा महिने अंथरुणावर पडून मला हाका मारमारून हैराण केलं असतंत तरी चाललं असतं. मला निदान बोलायला वेळ मिळाला असता.

लोक आणखीही एक बोलतात, तेही कानावर आलंय. "ह्या वयात लाथा मारायली म्हातारी, मग काळजाला सोसंल का?" जिला माळवदाचा जिना चढताना तीनदा टेकावं लागायचं, ती बाई गेली अडीच वर्षं रोज सकाळी घामाने निथळत, पदर खोचून, कुणाचा हात न धरता घरी चालत यायची, ते या लोकांनी बघितलंच नाही. परभणीचे डॉक्टर तुमचा कागद बघून दोनदा चष्मा पुसत होते. साखर उतरली, वजन उतरलं, गुडघ्यातली कटकट थांबली. "आजी, कोणतं औषध घेता?" असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही त्यांच्या तोंडावर "लाथा" म्हणालात आणि मला पदर तोंडात कोंबावा लागला.

त्याच डॉक्टरांनी आधी तुम्हाला रोज चालायला जायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्सं मेंढरामागं चालले. आता कुनामागं चालू?" मेंढ्या विकून गिरणी घेतली, आपण जिंतूरला राहायला आलो आणि तुम्ही स्टुलावर बसलात, तिथेच सगळं बिघडलं होतं. डॉक्टरला ते सांगायला तुम्ही तयार नव्हतात.

तेवढ्यात तुमचा धाकटा हैदराबादहून परत आला. आमचे विलासभाऊजी तिकडे मोटारीच्या कारखान्यात कामाला गेले होते, ते येताना काम सोडून आणि किकबॉक्सिंग शिकून आले. गिरणीमागचं सरकीचं गोदाम त्यांनी झाडून घेतलं, आढ्याला वाळू-भुशाचं पोतं टांगलं आणि दारावर रंगाने लिहिलं, "किकबॉक्सिंग शिका." पोरं आली. विटा कधी फोडायच्या म्हणून विचारायला लागली. भाऊजींनी दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या तशी आठवड्यात पांगली. भाऊजी एकटेच पोत्याला लाथा मारत बसायचे, आणि तुम्ही दारात उभ्या राहून बघायच्या.

एक दिवस तुम्ही म्हणालात, "इलास, मारामारी शिकाया कोन येतंय? मारामारी समद्यांना येतीच. बायकांची पोटं सुटल्यात, गुडघे धरल्यात. तसं लिही."

त्यांनी तसं लिहिलं. "तब्येतीसाठी किकबॉक्सिंग. सकाळी सहा ते सात फक्त महिलांसाठी." आणि दुसऱ्या दिवशी एकही महिला आली नाही. म्हणून तुम्ही स्वतः जाऊन उभ्या राहिलात, आणि एकटीला लाज वाटेल म्हणून मला ओढून नेलंत. मी नको म्हणत होते. "सुनंला लाज, सासूला न्हाई, हे कसलं घर?" असं तुम्ही भर गल्लीत म्हणालात, आणि समोरच्या शिलाईवाल्या रझियाआपा ते ऐकून हसत हसत मागून आल्या. महिनाभरात आठ जणी झाल्या.

पहिल्या दिवसाची गंमत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझी गोल पाचवारी साडी, पाय वीतभर उचलला की निऱ्या आडव्या. तुमचं नऊवारी लुगडं, कासोटा आवळलेला. तुमचा पाय सरळ माझ्या बरगडीपर्यंत आला. भाऊजी बघतच राहिले. पुढे रझियाआपांनी सगळ्यांना सैल पायजमे शिवून दिले, फक्त तुम्ही नाही घेतलात. "माज्या कासोट्याला काय झालंय?" खरंच काही झालेलं नव्हतं. आणि लाथ मारताना श्वास तोंडाने सोडा म्हणून भाऊजींनी सांगितलं, तर तुम्ही मेंढरं हाकायचा "हुर्रर" काढलात. चार दिवसांत सगळा वर्ग हुर्रर करत लाथा मारायला लागला. सकाळी सहाला गिरणीमागून असा आवाज यायचा की नवख्या माणसाला वाटावं, इथं मेंढरांचं खांड उतरलंय.

पण पुढची फजिती त्याहून मोठी होती. जोडीने सराव सुरू झाला. एकीने पॅड धरायचं, दुसरीने लाथ मारायची. मी मारली, पाय रझियाआपांच्या कोपराला घासला, आणि मी सवयीप्रमाणे वाकून त्यांच्या हाताला हात लावला आणि तो छातीला लावला. पाय लागला की नमस्कार करायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. मग आपांनी मारली, आणि त्याही वाकल्या. "अगे, पाव लगा ना." पलीकडे तुम्ही आणि बांगड्या भरणारी कासारीण तेच करत होता. एक लाथ, एक नमस्कार. एक लाथ, एक नमस्कार. तासाभरात प्रत्येकीच्या आठ-नऊ लाथा झाल्या असतील, आणि घाम कुणालाच नाही.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अहो, दम लागला पाहिजे. लागोपाठ मारा. मध्ये वाकू नका."

"पाय लागल्याव कसं वाकायचं न्हाई रे?" तुम्ही म्हणालात.

"हा खेळच पायाचा आहे आई."

तुम्ही गोणीवर बसून विचार केलात. मग न्यायनिवाडा करावा तसा निकाल दिलात. "आसं करू. तासभर समदे पाय माफ. शेवटाला एकदाच, सगळ्या लाथांचा मिळून एक नमस्कार." तेव्हापासून रोज सात वाजता आम्ही सगळ्या एकमेकींकडे वळून वाकतो. हैदराबादच्या त्यांच्या उस्तादांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते, असं भाऊजी म्हणतात. पण तो नमस्कार आता त्यांनाही केल्याशिवाय वर्ग सुटल्यासारखा वाटत नाही.

पॅडचंही तसंच. शहरातून आणलेलं पॅड दोन महिन्यांत उसवलं. तुम्ही माळ्यावरून तुमची जुनी काळी घोंगडी काढलीत, शेवटच्या कातरणीची लोकर पोत्यात भरून ठेवली होती ती काढलीत, आणि दाभण घेऊन तीन दुपारी गिरणीत बसून पॅड शिवलंत. मागे हात घालायला दोन पट्टे. इतकं घट्ट की त्यावर गुडघा दिला तरी दबत नव्हतं. ते पॅड तुम्ही दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाहीत. आणि माझी जोडी तुम्ही स्वतःशी लावलीत.

गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. "सून सासूला लाथा मारायली, अन् सासू म्हनायली अजून मार." हे वाक्य मी बाजारात, नळावर, लग्नात, सगळीकडे ऐकलं. तुम्हाला त्याचा कोण आनंद. समोरून कुणी हसलं की म्हणायच्या, "तुमच्या सुना मागनं मारत्यात. माझी समोरनं मारती."

मारत कुठे होते, आत्याबाई. हेच तर तुमचं गाऱ्हाणं होतं. मी पोत्याला मारलेली लाथ भाऊजी सगळ्यांना दाखवायचे. नडगी नीट लागते, कंबर पूर्ण फिरते, पोतं कसं हेलकावतं बघा. आणि तुमच्या पॅडवर तोच पाय पोचेपर्यंत विझायचा. सात वाजता मी तुमच्या पायाशी वाकायचे, तुम्ही डोक्यावर हात ठेवायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, "आज बी हलकीच लागली." अडीच वर्षं. एक दिवस चुकला नाही.

तुम्हाला वाटत असेल मी भिते. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पाया पडायच्या माणसाला लाथ कशी मारायची, असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि ते ऐकायला बरंही वाटायचं. पण ते सगळं खरं नव्हतं. खरं कारण दुसरं होतं आणि ते आपल्या दोघींनाही माहीत होतं.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं, बाबांनी तेवढी अट घालूनच मला दिली होती. परीक्षेचं केंद्र परभणीला. नामांतरावरून मराठवाडा पेटलेला होता, कधी कुठे बंद होईल आणि कुठे दगड पडतील याचा नेम नव्हता. पहिल्या पेपरच्या सकाळी मी डबा बांधला, पिशवीत हॉलतिकीट ठेवलं आणि तुम्ही उंबऱ्यावर काठी आडवी घेऊन बसलात.

"आज कुनी भाईर जायचं न्हाई."

"आत्याबाई, पेपर आहे माझा. पहिली गाडी सुटतेय."

"गाड्या जाळायलेत लोक. पेपर मोठा का जीव?"

हे गावाला गेलेले. मी रडले, विनवण्या केल्या, शेवटी मोठ्याने बोललेसुद्धा. तुम्ही हलला नाहीत. दुपारपर्यंत त्या उंबऱ्यावर बसून होतात, पाणीसुद्धा प्यायला नाहीत. पेपर गेला, त्याच्यामागे वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पोटात पोरगी होती, मग दुसरी. मग कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

भांडण मात्र आपण टिकवून ठेवलं. मी म्हणायची, त्या दिवशी पहिली गाडी परभणीला पोचली होती, कारण कासारणीचा जावई त्याच गाडीने गेला आणि संध्याकाळी परत आला. तुम्ही म्हणायच्या, गाडी वाटेतल्या झरीहून माघारी फिरली आणि जावई बैलगाडीने गेला. मी म्हणायची जावयाला विचारू. तुम्ही म्हणायच्या, त्याला काय कळतंय. पंधरा वर्षं हे चाललं. नामांतराचं भिजत घोंगडं तिकडे सरकारात पडलं होतं आणि आपलं इकडे स्वयंपाकघरात. भाकरी थापताना सुरू व्हायचं आणि भाकरी फुगेपर्यंत संपायचं, आणि आपण दोघी त्यावर हसायलाही शिकलो होतो.

तरी माझ्या पायात ते होतं, आत्याबाई. म्हणून मी हलकी मारत होते. पोत्याला मारताना राग येत नसे. तुमचं पॅड समोर आलं की ती काठी दिसायची, तो उंबरा दिसायचा. मला भीती वाटायची की एकदा पाय खरा सुटला तर त्याच्यासोबत सगळं बाहेर येईल, आणि मग संध्याकाळी तुमच्या ताटात भाजी वाढताना मी तुमच्याकडे कशी बघू? इतक्या वर्षांत मला तुमचा लळा लागला होता. राग आणि लळा एकाच माणसाबद्दल असला की पाय कुणाचं ऐकेल?

मागच्या महिन्यातली गोष्ट. वर्ग सुटला होता, बायका गेल्या होत्या, आपण दोघी सरकीच्या गोण्यांवर बसून चहा पीत होतो. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "शकू, त्या दिशी मी लय भ्याले व्हते."

मीही माझी बशी खाली ठेवली.

"मेंढरं घिऊन रानात असताना एकदा आसंच पेटलं व्हतं. कोन कुनाला मारायलंय काय कळंना. माजा भाऊ बाजाराला गेला, त्यो आलाच न्हाई. तवापासनं कुनी बंदच्या दिशी घराभाईर निघालं की माजं डोस्कं चालत न्हाई."

हे तुम्ही मला पहिल्यांदा सांगत होतात. पंधरा वर्षांत बोलण्यात झरीची गाडी शंभर वेळा निघाली, तुमचा भाऊ एकदाही निघाला नव्हता.

मग तुम्ही पॅड उचलून छातीशी धरलंत. "मला ठावं हाय तुज्या पायात काय हाय. म्हनून तर रोज ही घोंगडी धरून उभी ऱ्हाते. मार की एकदा. मी पडत न्हाई."

मी उठले. पवित्रा घेतला. आणि अडीच वर्षांत मारली नव्हती इतकी हलकी लाथ मारली. पॅडला नुसता पाय टेकवला म्हणा. तुम्ही पॅडच्या वरून बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "उद्या."

असे वीस-पंचवीस उद्या गेले. मग ती दुपार आली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वन्संनी तुमचं गाठोडं बांधलं. लुगडी, चोळ्या, अंथरूण, आणि वर ते पॅड. "मयताची घोंगडी घरात ठिवत नसत्यात वहिनी," असं म्हणून त्यांनी गाठ मारली. मी गाठ सोडली. म्हटलं, "ही घोंगडी नाही, खेळाचं सामान आहे." लेकीसमोर मी आवाज चढवला, आत्याबाई, माफ करा. पण तुमचीच लेक ती, तिनेही मला दोन ऐकवली. शेवटी भाऊजींनी पॅड उचललं, गोदामात नेऊन ठेवलं आणि दाराला कुलूप घातलं. वर्ग बंद, एवढंच म्हणाले. लोकांचं बोलणं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. आईला मीच मारलं की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

काल रझियाआपा गिरणीवर आल्या. डबा ठेवला, तुमच्या स्टुलाकडे बघून डोळे पुसले, आणि मग लगेच म्हणाल्या, "ये ताला कब तक गे? मेरा घुटना फिर धरायला." भाऊजी आत होते, त्यांनी ऐकलं. सकाळी मी पायजमा घालून बाहेर आले तर किल्ली चुलीजवळ ठेवलेली होती.

आज सहाला आम्ही आठपैकी सात होतो. भाऊजींनी उड्या मारून घेतल्या, हातपाय मोकळे करून घेतले. "हुर्रर" कुणाच्या तोंडून निघेना. मग जोड्या लावायची वेळ आली आणि मला जोडीच नव्हती. भाऊजींनी कोपऱ्यातलं तुमचं पॅड घेतलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. डोळे सुजलेले होते.

"सावकाश वहिनी," ते म्हणाले.

मी हात गालाजवळ घेतले. काळी घोंगडी, तुमचे दाभणाचे टाके, एक टाका वाकडा, तो घालताना तुम्ही गेलेल्या विजेला शिव्या दिल्या होत्या. काठी दिसली. उंबरा दिसला. बाजाराला गेलेला आणि परत न आलेला तुमचा भाऊ, ज्याला मी कधी बघितलं नाही, तोही दिसला. कंबर फिरली आणि तोंडून हुर्रर निघालं.

लोकरीचा आवाज दबका असतो, धप्प. भाऊजी दोन पावलं मागे गेले आणि सरकीच्या गोणीवर बसले, पॅड छातीशी तसंच. रझियाआपा म्हणाल्या, "हौ. ही बराबर लागली." मग भाऊजी हसायला लागले, तुमच्यासारखे, खांदे हलवत. सोळा दिवसांत ते पहिल्यांदा हसत होते. मीही हसले आणि हसता हसता रडले, आणि म्हटलं, उठा, अजून मारायच्यात. नऊ मारल्या. कासारीणबाई मोजत होती.

सातला सगळ्या एकमेकींकडे वळून वाकल्या. मी पॅडकडे वळले. वाकले, तुमच्या टाक्यांना हात लावला आणि छातीला लावला. डोक्यावर हात ठेवून हलकी लागली म्हणणारं कुणी नव्हतं. आज म्हणताही आलं नसतं.

तुम्ही रोज समोर उभ्या राहिलात, यासाठी हा नमस्कार. इतक्या उशिरा मारली म्हणून दुसरा. राग गेलाय, असं मी म्हणणार नाही, बराचसा गेला. उरलेला उद्या सकाळी बघते.

पण गाडी परभणीला पोचली होती, आत्याबाई.